माळ्यावर सापडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ: जिवंत करावा की ब्लूटूथ बसवावा?

पंचगंगाकाठ (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. माळा रिकामा करताना आजोबांचा रेडिओ हाताला लागला. लाकडी पेटी, पुढं काचेची डायल, चार बटणं. कंपनीची पट्टी कधीच निघून गेलीय, नुसती दोन भोकं राहिलीत. मागच्या पुठ्ठ्याला सुतळीनं बांधलेलं पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक मात्र जागेवर आहे. पहिला शिक्का १९६४ चा. आजोबा दरवर्षी न चुकता पैसे भरून शिक्का मारून आणायचे, असं आत्या सांगते.

आत उंदरानं संसार थाटलेला होता, तो साफ केला. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, सहा आहेत. पुसून नंबर वाचले: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डायलच्या मागं आडवा बसवलेला ईएम ८१. एकही फुटलेला नाही. स्पीकरचा कागद एका बाजूनं कुरतडलाय.

एका दुकानात दाखवला तर ते म्हणाले, "आतलं सगळं भंगारात घाला, दोन हजारांत ब्लूटूथचं किट बसवतो." घरात दोन तट पडलेत. बायको आणि मुलगा म्हणतात बसवून टाका, निदान वाजेल तरी. आत्या ७६ वर्षांची आहे, ती म्हणते, "अण्णांचा रेडिओ अण्णांच्यासारखाच वाजला पायजे."

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हा सेट पुन्हा चालू होऊ शकतो का? आणि झालाच, तर आता शॉर्टवेव्हवर ऐकायला काही उरलंय का?

रंकाळा_वारा (शनिवार, रात्री ९:५२)

ब्लूटूथ घालू नको भावा. एवढंच.

जुनी_तार (शनिवार, रात्री १०:३०)

पहिलं सांगतो, प्लग लावू नगासा. अजून लावला नसेल तर सेट निम्मा वाचला म्हणून समजा.

मी लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्तीत ३१ वर्षं काढली. माळ्यावरनं काढला, थेट प्लग लावला आणि धूर निघाला, असे किती सेट माझ्याकडं आले त्याला हिशोब नाही. इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतले कंडेन्सर मेलेले असतात. वीज सोडली की ते शॉर्ट होतात, आणि त्यांच्यासोबत मेन ट्रान्सफॉर्मर जातो. कंडेन्सर पंचवीस रुपयांत मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर कुठं मिळायचा?

तुमच्या व्हॉल्व्हचे नंबर वाचून बरं वाटलं. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंट (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ६.३ व्होल्टचं, म्हणजे सेटला ट्रान्सफॉर्मर आहे आणि चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) विजेपासून वेगळी आहे. यूसीएच, यूएल, यूवाय असे यू ने सुरू होणारे नंबर असते तर मी म्हटलं असतं, नवख्या माणसानं हात लावायचा नाही. त्या सेटात फिलामेंट एकामागं एक जोडून थेट लाइनवर टाकलेली असतात. प्लग उलटा बसला तर पत्र्याची चासीच फेज होते. बटणाचा स्क्रू उघडा पडलेला असला तरी माणूस चिकटतो.

आता कामाचा क्रम. सगळे कागदी कंडेन्सर, मेण लावलेले किंवा काळ्या नळीतले, न मोजता बदला. ०.०५ मायक्रोफॅरडच्या जागी आजचा ०.०४७ चा पॉलिएस्टर, ६३० व्होल्टचा. पांढरे चिनी मातीचे आणि अभ्रकाचे सहसा चांगले असतात, त्यांना उगाच डाग (सोल्डर) देऊ नका. एक कंडेन्सर मात्र आधी शोधा: ईबीसी ८१ च्या प्लेटवरनं ईएल ८४ च्या ग्रिडला जाणारा (प्लेट आणि ग्रिड हे व्हॉल्व्हच्या आतले भाग). तो गळका असेल तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो, प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

फिल्टरच्या कंडेन्सरचा अॅल्युमिनियमचा डबा असेल, ३२ अधिक ३२ चा. तो दिसायला जागेवर राहू द्या, तारा सोडवा आणि खाली ३३ मायक्रोफॅरडचे ४५० व्होल्टचे दोन नवे बसवा. घुमारा जाईल म्हणून १०० चा घालायचा मोह होतो. घालू नका, ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर सोसत नाही.

हे सगळं झालं की सिरीज बोर्डवर (सेटच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड) लावायचा. ६० वॅटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही. बल्ब आधी लख्ख पेटून मग मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

आणि आयएफटीच्या (स्टेशन वेगळं काढणाऱ्या कॉइलच्या) डब्यांतले स्लग, म्हणजे फिरणारे स्क्रू, कुणी कितीबी सांगितलं तरी फिरवू नका.

पंचगंगाकाठ (शनिवार, रात्री १०:४८)

काका, प्लग लावलेला नाही. तुमची पोस्ट छापून घेतो.

कागलचा_पाहुणा (रविवार, सकाळी ७:१५)

मी थोडं वेगळं म्हणतोय, राग मानू नये. माझ्या वडिलांच्या सेटमध्ये मी ब्लूटूथच बसवून घेतलं. त्याचा मेन ट्रान्सफॉर्मर जळालेला, दोन व्हॉल्व्ह फुटलेले, डायलच्या काचेचे तुकडे. आज आई रोज सकाळी त्यावर अभंग ऐकते. पेटी तीच, आवाज त्याच कापडातून येतो. नुसता धूळ खात ठेवण्यापेक्षा हे बरं नाही का? सगळ्यांना व्हॉल्व्ह, कंडेन्सर यांत आठवडे घालवणं परवडत नाही.

रंकाळा_वारा (रविवार, सकाळी ७:४०)

पाहुणं, तुमचा सेट गेलेलाच होता. ह्यांचे सहाच्या सहा व्हॉल्व्ह शाबूत आहेत. जित्या माणसाचे अवयव काढायचे का?

कागलचा_पाहुणा (रविवार, सकाळी ८:०५)

तेही खरंच. सहा शाबूत आहेत हे मी नीट वाचलं नव्हतं. तसं असेल तर मीही म्हणेन, आधी प्रयत्न करून बघा.

दुधगंगा (रविवार, सकाळी ९:२०)

लायसन्सचं पुस्तक वाचून थेट राधानगरीचं घर डोळ्यासमोर आलं. आमच्याकडे वर्षाला १५ रुपये भरायचे. मी पाचवीत असताना वडील माझ्या हातात पैसे देऊन पोस्टात पाठवायचे आणि येताना पुस्तकावरचं तिकीट नीट चिकटलंय का, हे बघून यायला सांगायचे. १९८०च्या दशकात ते लायसन्स बंद झालं तेव्हा सगळे खूश. वडील मात्र म्हणाले, "आता रेडिओची किंमत गेली."

सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे, दोन टोकांना चिनी मातीचे मणी. ती एरियल. तिच्यावर चिमण्या बसायच्या आणि आजी त्यांना हाकलायची, चिमणी बसली की स्टेशन हलतं म्हणून. सकाळी शाळेला निघायच्या आधी रेडिओ सिलोन (श्रीलंकेचं स्टेशन) लागायचं. साडेसातला जुनी गाणी, आणि आठला तीन मिनिटं कमी असताना शेवटचं सैगलचं. ते संपलं की दप्तर उचलायचं. घरात घड्याळ होतं, पण आम्ही चालायचो सैगलवर.

आवाज एकसारखा यायचा नाही. लाट आल्यासारखा मोठा व्हायचा, मग लांब जायचा. मला अजूनही ते गाणं स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं की काहीतरी कमी वाटतं.

शेंडा_पार्क (रविवार, सकाळी ११:१०)

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून प्रामाणिक प्रश्न विचारतोय. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ रिसीव्हर, कुणीही मोबाइलवर उघडू शकतो. पूर्ण शॉर्टवेव्ह धबधब्यासारखी डोळ्यांना दिसते, बोट ठेवलं की स्टेशन लागतं. मग घरात साठ वर्षांपूर्वीचा सेट आणि गच्चीवर तार कशासाठी? आठवणी सोडून काही कारण आहे का?

चाळीस_मीटर (रविवार, दुपारी १:३५)

शेंडा पार्क, चांगला प्रश्न आहे. मी इचलकरंजीत राहतो, हॅम (लायसन्स घेऊन प्रक्षेपण करणारा हौशी रेडिओवाला) आहे, आणि वेबएसडीआर मीही वापरतो. माझं प्रक्षेपण युरोपात पोचतंय का, हे तपासायला त्याच्यासारखं साधन नाही. पण तिथं तू जे ऐकतोस ते नेदरलँड्सच्या आकाशातलं. तुझ्या डोक्यावर, कोल्हापूरच्या आकाशात आत्ता काय चाललंय, ते तुझ्याच तारेवर ऐकावं लागतं.

दिवसा सूर्यामुळं आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) सगळ्यात खालचा थर तयार असतो. तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून दुपारी शॉर्टवेव्हच्या ४९ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांत लांबचं फारसं लागत नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो, लाटा वरच्या थराला आपटून हजारो किलोमीटरवर उतरायला लागतात. संध्याकाळी सहा ते आठ ४१ मीटरवर काटा ठेवून बस. अर्ध्या तासापूर्वी नुसती सरसर होती तिथं एकेक स्टेशन वर यायला लागतं. दुधगंगाताई म्हणतात ती आवाजाची लाट म्हणजे हेच. एकाच स्टेशनाच्या लाटा दोन वाटांनी येतात, कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात.

आणि तू इंजिनिअर होणार आहेस. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्रत्येक टप्पा डोळ्यांनी दिसतो. इथं मिक्सर, इथं आयएफ (मधली ठरलेली फ्रिक्वेन्सी), इथं डिटेक्टर. आयएफ ४५५ किलोहर्ट्झ का, हे पुस्तकात वाचून मला समजलं नव्हतं. एक सेट उघडल्यावर समजलं.

मूळ प्रश्नाला उत्तर: शॉर्टवेव्ह विरळ झालीय, हे खरं. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, त्या दिवशी मला वाईट वाटलं. पण बीबीसीची इंग्रजी जागतिक सेवा आहे, रोमानिया आहे, आणि चीनची स्टेशनं तर इतकी दणकट की तार नसली तरी येतात. डायलवर मीटर लिहिलेले असतील तर ३०० ला त्या आकड्यानं भागा, मेगाहर्ट्झ मिळतात. ३१ मीटर म्हणजे साधारण ९.७. रात्री तिथून सुरुवात करा.

७३.

दुधगंगा (रविवार, दुपारी २:०२)

७३ म्हणजे काय?

चाळीस_मीटर (रविवार, दुपारी २:१०)

तारयंत्रवाल्यांचा जुना संकेत आहे ताई, "सस्नेह नमस्कार" या अर्थाचा. मोर्समध्ये दोन आकड्यांत काम भागायचं. हॅम मंडळी अजून निरोप घेताना तेच म्हणतात.

शेंडा_पार्क (रविवार, दुपारी ३:००)

"नेदरलँड्सच्या आकाशातलं" हे पटलं. हॅमचं लायसन्स काढायला काय लागतं? आणि सेट फार महाग असतात ना?

चाळीस_मीटर (रविवार, रात्री ८:४५)

केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते. वय १२ पूर्ण हवं. मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, एवढेच विषय. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, पास झालास की व्हीयू ३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हॅमची ओळखखूण). जनरलला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स लागतं, तिथं व्हीयू २. नुसतं ऐकायला काहीच लागत नाही. प्रक्षेपण करणारा सेट मात्र लायसन्सशिवाय बाळगायचाही नसतो, हे पक्कं ध्यानात ठेव. जुन्या बाजारात स्वस्तात दिसला म्हणून उचलू नको.

माझा पहिला सेट याएसू एफटी १०१, सत्तरच्या दशकातला जपानी. सांगलीच्या एका वयोवृद्ध हॅमनं डोळे अधू झाल्यावर रीतसर कागद करून मला दिला. त्याचा रिसीव्हर ट्रान्झिस्टरचा, पण शेवटचे व्हॉल्व्ह दोन ६जेएस६. आजच्या सेटसारखं बटण दाबलं आणि बोललं, असं त्यात नाही. आधी हीटर तापू द्यायचा. मग "प्लेट" हे बटण फिरवत मीटरचा काटा खाली कुठं बुडतो ते बघायचं, मग "लोड" थोडं वाढवायचं, पुन्हा प्लेट. हे सगळं दहा सेकंदांत उरकायचं, नाहीतर व्हॉल्व्ह तापतात. ते आजोबा शेजारी बसून घड्याळात सेकंद मोजायचे आणि "सोड!" म्हणून ओरडायचे. त्या सेटवर मी व्लादिवोस्तोकच्या एका माणसाशी पहिल्यांदा बोललो. त्याचं क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पोच देणारं कार्ड) सात महिन्यांनी आलं. ते दाखवायला सांगलीला गेलो, तर त्यांनी कार्ड हातात घेऊन बोटांनी चाचपून बघितलं.

पैशाचं म्हणशील तर हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटएक्स बघ. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जुळवता येईल असं सर्किट, त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. आणि एरियल तर तारच. ७.१ मेगाहर्ट्झसाठी मधून दोन्हीकडं दहा-दहा मीटर तांब्याची तार, मध्यभागी उंच कळक. झालं.

गडहिंग्लजचा_गडी (सोमवार, सकाळी ६:५०)

कळक पायजे आसंल तर आमच्या बांधावरनं न्या. पैसं नगोत. फकस्त आल्यावर जेवून जायाचं.

कुरुंदवाड_घाट (सोमवार, सकाळी ८:३०)

थोडं अवांतर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं. आम्ही अकरा जण वरच्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी लाइट गेली, दुसऱ्या दिवशी फोन मेले. महामार्ग बंद, पाणी चढतंय की उतरतंय हे जिन्याच्या पायऱ्या मोजून कळायचं. माझ्या काकांकडं एक जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता, त्यात टॉर्चमधले सेल घातले. सकाळी सात पाचला मीडियमवेव्हवर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या. धरणातून किती पाणी सोडलंय, कुठं बोटी पोचल्यात, हे कुणीतरी शांत आवाजात सांगतंय, त्यानं सगळ्यांच्या जिवात जीव आला. लहान पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती.

तेव्हापासून मी घरात दोन ट्रान्झिस्टर ठेवतो, आणि सेल वेगळे काढून ठेवतो. आत ठेवले की गळतात.

चाळीस_मीटर (सोमवार, सकाळी १०:१५)

कुरुंदवाडकर, हे अवांतर नाहीच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम अंदमानात होते. तिथून जगभरच्या हॅमशी संपर्क करायचा, एवढाच बेत. २६ तारखेला सुनामी आली, फोन तुटले, आणि तेच सेट माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला लागले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातही हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. या छंदात जे हात रोज मजेसाठी तार बांधतात, ते अशा वेळी अंधारात चाचपडत नाहीत.

पंचगंगाकाठ (पुढचा शनिवार, सायंकाळी ५:२०)

मंडळी, काम सुरू झालंय. जुनी तार काका काल स्वतः घरी आले, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दोन तास बसले, चहाशिवाय काही घेतलं नाही.

कागदी कंडेन्सर अकरा निघाले, सगळे बदलले. काकांनी सांगितलेला ग्रिडचा कंडेन्सर मुद्दाम आधी तसाच ठेवून सिरीज बोर्डवर, ईएल ८४ काढून मोजला. ग्रिडवर १८ व्होल्ट! तिथं शून्य यायला हवं होतं. म्हणजे मी त्या रात्री उत्साहात प्लग लावला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यांनी बघितलं.

मागं व्होल्टेज निवडायचा टॅप २२० वर होता, काकांनी २४५ वर करायला लावला. आता लाइन २४० च्या घरात असते, फिलामेंटना जास्त ताण नको म्हणून.

स्पीकरच्या कागदाला पतंगाचा कागद आणि खळ लावून ठिगळ दिलंय. ही युक्ती आत्याची. ती म्हणाली, "पतंग चिकटवतोस तसं चिकटव की."

जुनी_तार (शनिवार, सायंकाळी ६:०५)

आभार कशाला. कित्येक वर्षांनी कुणीतरी डाग देताना माझ्याकडं बघत होतं. पोराचा हात चांगला आहे. पहिले दोन डाग थंड बसले, तिसऱ्यापासनं चकाकायला लागले. मुलगा पण शेजारी उभा होता, त्याच्या हातात एक कंडेन्सर द्या पुढच्या वेळी.

कागलचा_पाहुणा (शनिवार, सायंकाळी ६:४०)

हे वाचून माझ्या सेटचे काढून ठेवलेले तीन शाबूत व्हॉल्व्ह शोधले. त्यात एक ईएफ ८९ आहे. तुम्हाला राखीव म्हणून पाठवतो.

पंचगंगाकाठ (रविवार, रात्री १०:१०)

वाजला!!

सिरीजचा बल्ब एकदा पेटला आणि मंद झाला. अर्ध्या मिनिटात डायलच्या मागं हिरवा डोळा (तोच आडवा ईएम ८१) उघडला, फिकट आहे पण आहे. पण शॉर्टवेव्हला स्टेशन एकही नाही, सगळीकडं एकच गुरगुर, गिरणी चालू असल्यासारखी. मीडियमवेव्हलाही तीच. काय चुकलं असेल?

रंकाळा_वारा (रविवार, रात्री १०:१४)

अभिनंदन भावा! घरात एलईडी बल्ब किती आहेत?

जुनी_तार (रविवार, रात्री १०:२०)

रंकाळा बरोबर बोलला. सेट ठीक आहे, घर गुरगुरतंय. एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा डबा, इन्व्हर्टर, हे सगळं बंद करून बघा. आणि घरातली वायर खिडकीत टांगून भागणार नाही. गच्चीवर पंधरा-वीस मीटर तार, भिंतीपासनं लांब. मागं ए आणि ई लिहिलेली दोन भोकं आहेत, ए ला तार, ई ला जमिनीत पुरलेल्या नळीची तार. वळवाचे दिवस आहेत, विजा चमकायला लागल्या की तार काढून बाहेरच जमिनीला जोडायची, सेटला ठेवायची नाही.

शेंडा_पार्क (सोमवार, रात्री ११:३०)

मी या धाग्यामुळं काकाचा जुना सेट घरी आणला. ७.१ च्या आसपास बदक बोलल्यासारखे आवाज येतात. चाळीस मीटर सर, ते हॅमच आहेत का? कळत तर काहीच नाही.

चाळीस_मीटर (मंगळवार, सकाळी ७:२०)

हॅमच आहेत. २००९ पासून ७.१ ते ७.२ हा पट्टा ब्रॉडकास्टवाल्यांनी सोडला आणि तो आम्हाला मिळाला, म्हणून जुन्या सेटच्या ४१ मीटरच्या टोकाला आम्ही सापडतो. आम्ही एसएसबीवर (सिंगल साइडबँड) बोलतो. त्यात कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लाट, पाठवलेलाच नसतो, आणि तो नसला की तुझ्या सेटला आवाज उलगडता येत नाही.

पण युक्ती आहे. शॉर्टवेव्ह असलेला एक साधा ट्रान्झिस्टर त्या सेटच्या एरियलजवळ ठेव आणि ६.७ च्या जरा खाली लाव. ट्रान्झिस्टरच्या आतला ऑसिलेटर लावलेल्या स्टेशनाच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालत असतो, म्हणजे तो येतो ७.१५ ला. हरवलेला कॅरियर तू घरातनं पुरवलास. ट्रान्झिस्टरचं बटण केसाएवढं हलवत राहा.

शेंडा_पार्क (मंगळवार, रात्री ९:५५)

सर!!! बदकाचा माणूस झाला! कुणीतरी गच्चीवरच्या एरियलबद्दल बोलत होतं, तेही मराठीत! मग मोर्सचा एक आवाजही शिट्टीसारखा स्वच्छ लागला. तीन वर्षं हेटेरोडाइन (दोन फ्रिक्वेन्सी मिसळून तिसरी काढणं) लिहून मार्क मिळवले, आज ऐकलं. अर्ज भरतोय.

दुधगंगा (मंगळवार, रात्री १०:१०)

अरे वा, शाब्बास! परीक्षेची तारीख कळली की इथं सांग.

पंचगंगाकाठ (शुक्रवार, रात्री ११:४५)

गडहिंग्लजचे दोन कळक आले, सोबत शेंगाही आल्या. काल गच्चीवर तार बांधली, अठरा मीटर. आज रात्री घरातले सगळे एलईडी बंद केले, चार्जर काढले. ३१ मीटरला पहिल्यांदा चिनी बाई बोलली, मग एक इंग्रजी बातम्या, मग कुठल्यातरी भाषेतलं बासरीसारखं काहीतरी, येतंय आणि जातंय. मुलगा सव्वा तास बटण सोडत नव्हता. ब्लूटूथचा विषय त्यानं स्वतःच मिटवला.

आत्या हिरव्या डोळ्यासमोर बसली होती. म्हणाली, अण्णा रात्री दिवा घालवायचे आणि याच्याच उजेडात पान लावायचे.

एक अडचण राहिलीय. डायलचा दोरा नवा घातला, त्यामुळं काटा चुकीच्या जागी दिसतोय. मीडियमवेव्हला पुणे लागतं ते डायलवर जवळजवळ ४२० मीटरला. काटा नेमका कुठं बसवायचा?

जुनी_तार (शनिवार, सकाळी ६:३०)

पुणं ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तीन लाखाला ७९२ नं भागलं की ३७९ मीटर. सात पाचच्या बातम्या चालू असताना आवाज सगळ्यात मोठा आणि डोळा सगळ्यात मिटलेला होईल तिथं बटण सोडा. मग बटण न हलवता नुसता काटा दोऱ्यावर सरकवून ३७९ वर आणा आणि मेणाचा एक थेंब टाका. बाकीची स्टेशनं आपोआप जागेवर येतील.

पंचगंगाकाठ (शनिवार, सकाळी ७:१२)

आणला. मेण आत्यानं टाकलं.